पन्नास अंशांतले सर्व्हर

वेबवरचा मजकूर वाचकापर्यंत पोचवणारे डेटा सेंटर दोन कामांसाठी वीज वापरते. एक, सर्व्हर चालवण्यासाठी. दोन, त्या सर्व्हरमधून निघणारी उष्णता खोलीबाहेर टाकण्यासाठी. पान किंवा चित्रफीत पाठवली म्हणून त्यात खर्ची पडलेली ऊर्जा तिच्याबरोबर निघून जात नाही. सर्व्हरला दिलेली जवळजवळ सगळी वीज तिथेच, त्याच कपाटात, उष्णता होऊन उरते. म्हणून या क्षेत्रातला विजेचा प्रश्न ज्या गावात उभा राहतो, त्या गावाच्या हवेशी बांधलेला असतो. २१ जुलै २०१६ रोजी कुवेतच्या वायव्येकडील मित्रिबा येथे ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले आणि जागतिक हवामान संघटनेने २०१९ मध्ये ती नोंद तपासून मान्य केली. ज्या देशात असे ऊन पडते, तिथे सर्व्हरमधली उष्णता बाहेरच्या हवेत फेकण्यासाठी कंप्रेसरला चढावर पाणी चढवावे तसे काम करावे लागते.

कुवेत शहराचा शर्क हा भाग पूर्वी नाखवे, मोती काढणारे पाणबुडे आणि गलबते बांधणारे सुतार यांचा मोहल्ला होता. आज तिथे बँका, विमा कंपन्या आणि कार्यालयांचे मनोरे आहेत. २०११ मध्ये पूर्ण झालेला, सुमारे ४१३ मीटर उंचीचा अल हमरा मनोरा इथेच आहे. त्याची दक्षिण बाजू मुद्दाम दगडी आवरणाची आणि अगदी छोट्या, खोलगट खिडक्यांची ठेवली आहे, कारण ऊन त्या बाजूने येते. नॅशनल बँक ऑफ कुवेतच्या ३०० मीटर उंच मुख्यालयालाही सावली धरणाऱ्या उभ्या पाकळ्या आहेत. शर्कच्या वास्तुविशारदांनी बाहेरची उष्णता आत येऊ नये याची एवढी काळजी घेतली. त्याच इमारतींच्या पोटात मात्र सर्व्हर रूम चोवीस तास उष्णता तयार करत असते आणि तिच्याकडे तितक्या काळजीने कोणी पाहत नाही.

मजकूर कुवेतमध्येच साठवण्याची गरज का पडते, हे आधी पाहिले पाहिजे. मूळ सर्व्हर अमेरिकेत, युरोपात किंवा मुंबईत असला तरी प्रत्येक वाचकाची मागणी तिथपर्यंत नेणे वेळखाऊ असते. म्हणून ज्याला कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क म्हणतात, त्या जाळ्यातल्या कंपन्या वाचकाच्या जवळ सर्व्हर ठेवतात आणि मजकुराची प्रत त्यांच्या कॅशमध्ये सांभाळतात. टॉम लेटन आणि डॅनियल लेविन यांनी १९९८ मध्ये स्थापन केलेली अकामाई ही या व्यवसायातली पहिली मोठी कंपनी. क्लाउडफ्लेअरच्या केंद्रांच्या यादीत कुवेत शहर आहे; नेटफ्लिक्स तर आपल्या सर्व्हरची पेटी थेट इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या रॅकमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या कपाटात, बसवते. आखातासाठी याला आणखी एक कारण आहे. २००८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत अलेक्झांड्रियाजवळ आणि दुबईजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात पुन्हा तेच घडले. अशा दिवसांत जवळची प्रत हाच आधार असतो. शिवाय संवेदनशील माहिती देशाबाहेर ठेवण्यावर कुवेतच्या दूरसंचार नियामकाने मर्यादा घातल्या आहेत. तेव्हा ‘सर्व्हर थंड देशात हलवा’ हा सल्ला शर्कला फारसा उपयोगी नाही. सर्व्हर इथेच राहणार आहेत.

प्रमाणाचे भान सुटू नये म्हणून दोन आकडे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगातल्या डेटा सेंटरनी २०२४ मध्ये सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. हा जगाच्या वीजवापराचा साधारण दीड टक्का. याच संस्थेच्या २०२० च्या विश्लेषणाप्रमाणे एक तास चित्रफीत पाहण्यामागे सरासरी ०.०८ युनिटच्या आसपास वीज जाते आणि तिच्यातला मोठा वाटा पाहणाऱ्याच्या टीव्हीचा असतो. म्हणजे एका प्रेक्षकामागे सर्व्हरचा खर्च क्षुल्लक आहे. अपव्यय होतो तो प्रेक्षक नसताना.

डेटा सेंटरच्या कार्यक्षमतेचे सर्वांत प्रचलित माप म्हणजे पीयूई. संपूर्ण केंद्राला लागलेल्या विजेला संगणक-यंत्रणेने घेतलेल्या विजेने भागले की पीयूई मिळतो. ‘ग्रीन ग्रिड’ या संस्थेने २००७ पासून तो रूढ केला आणि २०१६ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचे रूप आले. अपटाइम इन्स्टिट्यूटच्या २०२४ च्या पाहणीत सरासरी १.५६ होती, गूगलने आपल्या केंद्रांसाठी त्याच वर्षी १.०९ जाहीर केली. माप उपयोगी आहे, पण त्याची एक खोट नीट समजून घ्यावी लागते. भागाकाराच्या खालच्या अंकात वाया गेलेली वीजही ‘संगणकाचा वापर’ म्हणूनच मोजली जाते. रिकामे चालणारे सर्व्हर बंद केले आणि शीतकरण होते तसेच ठेवले, तर एकूण वीज घटूनही पीयूई वाढलेला दिसतो. उलट खोली जास्त गरम होऊ दिली, तर सर्व्हरच्या आतले छोटे पंखे जोरात फिरू लागतात, त्यांची वीज संगणकाच्या खात्यात जमा होते, आणि एकूण बिल वाढूनही पीयूई सुधारतो. निव्वळ पीयूई दाखवून पाठ थोपटून घेणारे अहवाल म्हणून सावधपणे वाचावेत.

बचतीचा खरा खजिना सर्व्हरच्या आत आहे. २००७ च्या डिसेंबरमध्ये गूगलच्या लुईझ बारोसो आणि उर्स हॉल्झ्ले यांनी एक लेख लिहिला. हजारो सर्व्हरच्या निरीक्षणातून त्यांनी दाखवले की, सर्व्हर बहुतेक काळ आपल्या क्षमतेच्या १० ते ५० टक्केच काम करतात. आणि काहीही न करणारा सर्व्हरसुद्धा पूर्ण लोडच्या जवळजवळ निम्मी वीज ओढतो. नंतरच्या यंत्रांनी हे प्रमाण बरेच सुधारले, पण कॅशच्या रॅकमध्ये जुनी यंत्रे वर्षानुवर्षे टिकून राहतात. पहाटे चार वाजता अशा खोलीत उभे राहावे. नेटवर्क कार्डाचे हिरवे दिवे तुरळक लुकलुकत असतात, पण पंख्यांचा घोंघाट रात्री दहाला होता तेवढाच असतो. त्या आवाजात वीज जाताना ऐकू येते.

हिशेब मांडून पाहता येतो. एका रॅकमध्ये दहा सर्व्हर आहेत, प्रत्येकी पूर्ण लोडला ४०० वॅट आणि रिकामे असताना २०० वॅट घेणारे, असे धरू. पहाटे एकूण काम क्षमतेच्या १० टक्के. ते दहा जणांत वाटले तर प्रत्येकी २२० म्हणजे एकूण २,२०० वॅट लागतात. तेच काम दोन सर्व्हरवर गोळा केले, म्हणजे ते निम्म्या लोडवर प्रत्येकी ३०० वॅट घेतील. अचानक गर्दी झाली तर म्हणून तिसरा नुसता जागा ठेवला, तर एकूण ८०० वॅट. उरलेले सात झोपवले की १,४०० वॅट वाचले. शीतकरण धरून १.६ ने गुणले, कारण खोलीत उष्णताच कमी निर्माण झाली, तर २,२४० वॅट. रोज सहा तास असे चालले तर वर्षाला सुमारे ४,९०० युनिट. एका रॅकमागे.

ही कल्पना कागदावरची नाही. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचे विमल मॅथ्यू, रमेश सीतारामन आणि प्रशांत शेणॉय यांनी २०१२ मध्ये अकामाईच्या प्रत्यक्ष लोडच्या नोंदी घेऊन हाच प्रयोग गणिताने तपासला. ग्राहकांना दिलेला उपलब्धतेचा शब्द न मोडता, आणि सर्व्हर दिवसातून मोजक्याच वेळा चालू-बंद करून, ५५ टक्क्यांहून अधिक ऊर्जा वाचू शकते असा त्यांचा निष्कर्ष होता. एकदम उसळणाऱ्या गर्दीसाठी १० टक्के सर्व्हर तयारीत ठेवले तरी पुष्कळ होते. चालू-बंद वारंवार करू नये, हा त्यातला कळीचा भाग आहे: यंत्राची झीज होते आणि झोपून उठलेल्या सर्व्हरच्या कॅशमधला मजकूर शिळा झालेला असतो. गर्दीची भीती मात्र खरी आहे. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी प्रेक्षक होते. अशा रात्री कोणी सर्व्हर झोपवायला सांगत नाही. पण ती रात्र आधीपासून पंचांगात लिहिलेली असते. उरलेल्या ३६० दिवसांचे काय, हा प्रश्न आहे.

मग हे सगळीकडे होत का नाही? उत्तर विजेच्या दरात आहे. कुवेतमध्ये नागरिकांच्या घरगुती विजेचा दर १९६०च्या दशकापासून युनिटला २ फिल्स आहे. व्यापारी ग्राहकासाठी ५ फिल्स धरले, तरी वरच्या रॅकची वर्षभराची बचत साडेचोवीस दिनार भरते. तेवढ्यासाठी कोणता व्यवस्थापक आपली झोप उडवून घेईल? हाच रॅक नवी मुंबईत ऐरोलीला असता आणि युनिट दहा रुपये धरले असते, तर ती रक्कम ४९ हजार रुपये झाली असती आणि तिच्यासाठी कोणीतरी फाइल नक्की हलवली असती. शर्कमध्ये ऊर्जेची किंमत बिलावर छापली जात नाही, पण ती दिली जाते. देशाची वीज जवळजवळ सगळी तेल आणि वायू जाळून होते. उन्हाळ्यातल्या सर्वोच्च मागणीपैकी सुमारे ७० टक्के वातानुकूलनासाठी जाते. जून २०२४ मध्ये वीज मंत्रालयाला काही भागांत वेळापत्रक लावून वीज बंद ठेवावी लागली. २०२५ च्या एप्रिलमध्ये पुन्हा तीच वेळ आली. त्या दुपारी रिकामा चालणारा प्रत्येक सर्व्हर कोणाच्या तरी घरातल्या एसीशी स्पर्धा करत होता.

सर्व्हर कमी करायचे तर उरलेल्यांकडून काम जास्त घ्यावे लागते, आणि इथे सॉफ्टवेअरची करामत दिसते. नेटफ्लिक्सच्या अभियंत्यांनी फ्रीबीएसडी या प्रणालीवर एका सर्व्हरमधून २०२१ मध्ये सेकंदाला ४०० गिगाबिट आणि पुढच्या वर्षी ८०० गिगाबिटपर्यंत मजकूर पाठवून दाखवला. युक्ती अशी की, डेटा डिस्कमधून निघाल्यावर त्याची मेमरीत इकडून तिकडे नक्कल होऊ द्यायची नाही. कूटबद्धीकरणसुद्धा प्रणालीच्या गाभ्यात किंवा थेट नेटवर्क कार्डावर करायचे. एक नक्कल टळली की मेमरीचा आणि प्रोसेसरचा तेवढा श्रम वाचतो.

कॅशमध्ये काय ठेवायचे यातही वीज दडलेली आहे. अकामाईच्या एका केंद्रात सुमारे ४० कोटी वस्तूंची, म्हणजे पाने, चित्रे, फायली यांची, पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या जवळपास तीन-चतुर्थांश वस्तू एकदाच मागितल्या गेल्या होत्या. पुन्हा कोणी त्यांच्याकडे फिरकले नाही. तरी त्या डिस्कवर लिहिल्या जात होत्या आणि कामाच्या वस्तूंना बाहेर ढकलत होत्या. उपाय सोपा निघाला: पहिल्या मागणीला नुसती खूण ठेवायची, दुसऱ्यांदा मागणी आली तरच डिस्कवर लिहायचे. ही खूण ठेवायला बर्टन ब्लूम यांनी १९७० मध्ये सुचवलेली चाळणी वापरतात. ती मेमरीची अगदी थोडी जागा घेते. त्यामुळे डिस्कवरचे लेखन ४४ टक्क्यांनी घटले आणि कॅशमधून पुरवल्या जाणाऱ्या मजकुराचे प्रमाण, बाइटच्या हिशेबाने, ७४ वरून ८३ टक्क्यांवर गेले. आपल्याकडे सुगरण गृहिणी फळीवर हाताशी काय ठेवायचे आणि माळ्यावर काय टाकायचे हे याच न्यायाने ठरवते.

एवढे झाल्यावर शीतकरणाकडे वळावे. क्रम उलटा करणे ही नेहमीची चूक आहे, कारण चिलर, म्हणजे शीतकरणाचे पाणी गार करणारे यंत्र, बदलणे दिसते आणि सर्व्हर झोपवणे दिसत नाही. शीतकरणात पहिला उपाय जवळजवळ फुकटचा असतो. रॅकच्या रांगा समोरासमोर लावून एक थंड गल्ली आणि एक गरम गल्ली करायची, दोन्हींतली हवा मिसळू द्यायची नाही, रॅकमधले रिकामे खण पट्ट्या लावून बंद करायचे. जुन्या सर्व्हर रूममध्ये दोन सर्व्हरच्या मधली बोटभर फट दिसते. तिच्यावर तळहात धरला तर मागची गरम हवा पुढे येताना चटका देते. तो सर्व्हर आपलाच उच्छ्वास पुन्हा आत घेत असतो. त्याच्यासाठी मग सगळी खोली १८ अंशांवर आणली जाते आणि तंत्रज्ञ बाहेर ४८ अंश असताना आत स्वेटर घालून बसतात. वास्तविक वातानुकूलन अभियंत्यांच्या ॲशरे या संस्थेने २००८ पासून सर्व्हरमध्ये शिरणाऱ्या हवेसाठी १८ ते २७ अंशांची शिफारस केली आहे, आणि काही वर्गांतील यंत्रांना ३५ ते ४५ अंशही चालतात. सिंगापूरने २०२३ मध्ये उष्ण प्रदेशातील डेटा सेंटरसाठी मानक काढून तापमान २६ अंश वा त्याहून वर नेण्याचे सुचवले. अंशामागे शीतकरणाची २ ते ५ टक्के ऊर्जा वाचते, असा त्यांचा अंदाज आहे.

खोली उबदार ठेवता आली की चिलरचे पाणीही कमी थंड चालते. बाहेर ४८ अंश असताना गच्चीवरच्या आउटडोअर युनिटमधला वायू ६० अंशांच्या आसपास द्रवरूप होतो. पाणी ७ अंशांऐवजी १८ अंशांवर ठेवले तर कंप्रेसरचे सैद्धांतिक काम साधारण २४ टक्क्यांनी घटते. पंख्यांचे गणित याहून उदार आहे. वेगाच्या घनाच्या प्रमाणात वीज लागते, म्हणून पंखा ८० टक्के वेगाने फिरवला तर वीज निम्मीच लागते. दोन पंखे सावकाश चालवणे हे एक पंखा जोरात आणि एक बंद ठेवण्यापेक्षा स्वस्त. सर्व्हरच्या बाबतीत मात्र नेमके उलटे. नवशिक्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. धुळीचाही विसर पडू नये. वायव्येचा शमाल वारा वाहू लागला की कंडेन्सरच्या जाळीवर पिठासारखी बारीक माती बसते आणि यंत्राचा श्वास कोंडतो. वेळेवर धुतलेली जाळी हा शर्कमधला सर्वांत स्वस्त ऊर्जाबचतीचा उपाय आहे.

विदर्भातल्या वाचकाला इथे डेझर्ट कूलर आठवेल, आणि ते बरोबरच आहे. कुवेतचा जून-जुलै नागपूरच्या मे महिन्यासारखा कोरडा असतो. ४८ अंश आणि दहा टक्के आर्द्रता असताना पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा तत्त्वतः २३ अंशांपर्यंत उतरू शकते; माठ आणि वाळ्याचे पडदे याच न्यायाने गार होतात. पण ऑगस्टच्या शेवटी आग्नेयेचा दमट वारा सुटला की ४० अंश आणि निम्मी आर्द्रता अशा हवेत ही मजल ३० अंशांवरच थांबते, आणि मुंबईत कूलर का चालत नाही तेच उत्तर इथे मिळते. शिवाय पाणी. एक युनिट उष्णता बाष्पीभवनाने घालवायला सुमारे दीड लिटर पाणी लागते. एक मेगावॅटच्या केंद्राला दिवसाला ३६ हजार लिटर. कुवेतचे पिण्याचे पाणी मुख्यतः समुद्राचे पाणी गोडे करून मिळते. ते करायला वीज लागते हे खरे, पण दीड लिटरमागे लागणारी ऊर्जा कंप्रेसरच्या विजेपेक्षा कितीतरी कमी आहे. म्हणजे ऊर्जेच्या वहीत बाष्पीभवन जिंकते. पाण्याच्या वहीत हरते. दोन्ही वह्या उघड्या ठेवूनच निर्णय घ्यावा, आणि शक्य तिथे सांडपाण्यावर प्रक्रिया करून मिळालेले पाणी वापरावे. डिसेंबर ते फेब्रुवारीत रात्री १० अंशांच्या आसपास जाणारी हवा असताना कंप्रेसर लावणे मात्र कुठल्याच वहीत बसत नाही. तेव्हा बाहेरच्या गारव्यावरच पाणी थंड करणारा जोड चिलरला असला पाहिजे.

वीज किती लागते याइतकेच ती केव्हा लागते हे महत्त्वाचे. कुवेतच्या विजेची सर्वोच्च मागणी उन्हाळ्यात दुपारी असते. वेबची गर्दी रात्री. मराठी मालिकेचे भारतातले आठ वाजतात तेव्हा कुवेतमध्ये साडेपाच झालेले असतात, आणि साल्मिया किंवा अब्बासिया या वस्त्यांतले मराठी घर ती मालिका जेवणानंतर, सवडीने पाहते. रमजानमध्ये तर गर्दी सहरीपर्यंत लांबते. ग्रिडला नड असते तेव्हा नेमका सर्व्हरवरचा भार हलका असतो, ही शर्कची मोठी सोय आहे. सकाळी ११ ते संध्याकाळी ५ मध्येही सर्व्हर झोपवणे, नव्या चित्रफितींच्या प्रती भरणे आणि बॅकअप घेणे मध्यरात्रीनंतर ढकलणे, एवढे केले तरी चिलरवरचा ताण सर्वांत कठीण तासांत उतरतो. नेटफ्लिक्सच्या पेट्या प्रती भरण्याचे काम मुळातच कमी गर्दीच्या वेळी करतात.

शेवटी मजकुराचे वजन. बाइट कमी झाले म्हणून त्याच क्षणी वीज घटत नाही, कारण नेटवर्कची यंत्रे रिकामी असतानाही जवळजवळ तेवढीच वीज घेतात. पण पुढचा सर्व्हर विकत घेण्याची वेळ लांबते, आणि तीच खरी बचत. मराठीच्या बाबतीत एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. युटीएफ-८ या संकेतपद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. मात्र त्या तिनांतला पहिला बाइट सगळ्या देवनागरीत एकच असतो आणि दुसरा दोनांपैकी एक, त्यामुळे ब्रॉटलीसारख्या पद्धतीने मराठी पान छान आकसते. दोनशे पानांचा दिवाळी अंक मजकूर म्हणून ठेवला तर न आकसताही तो सव्वा एमबीच्या आसपास बसतो. तोच अंक पान-पान स्कॅन करून पीडीएफ केला की कित्येक पटींनी मोठा होतो, त्यात काही शोधताही येत नाही, आणि दृष्टिहीन वाचकाच्या यंत्राला तो वाचताही येत नाही. अंकांच्या संपादकांनी डिजिटल आवृत्ती मजकुराच्या रूपात काढावी.

गूगल क्लाउडने २०२३ मध्ये आणि मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये कुवेतमध्ये मोठी केंद्रे उभारण्याचे जाहीर केले आहे. त्यांचे अभियंते आपले पाहून घेतील. शर्कच्या मनोऱ्यांतल्या लहान सर्व्हर रूम मात्र अनेकदा एकदोन तंत्रज्ञांच्या हवाली असतात आणि त्यांत भारतीय पुष्कळ आहेत. त्यांतल्या मराठी वाचकांनी उन्हाळा लागण्याआधी, एप्रिलमध्येच, पहाटे चारला आणि रात्री दहाला आपल्या प्रत्येक रॅकचा वीजवापर मोजून लिहून ठेवावा. दोन आकड्यांत फारसा फरक दिसला नाही, तर चिलरची निविदा काढण्याआधी सर्व्हरची यादी हातात घ्यावी.